पाचवी ओळ

लढाईच्या दिवसांत एक लष्करी विमान कोलशेतच्या खाडीत कोसळलं, तेव्हा इनास होडी घेऊन गोऱ्या वैमानिकांना वाचवायला गेला तो परतलाच नाही. चार गोऱ्यांच्या शवपेट्या गर्ट्रूडने पाहिल्या. नवरा मात्र चिखलाने सोडला नाही. पुढे काठावर स्मारकाचा दगड उभा राहिला. गोरे चार, ओळी पाच. पाचवी आपल्या इनासची, आणि तीच सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, असं अडाणी गर्ट्रूड धरून चालली. थडगं नव्हतंच, मृतांच्या सणाला ती दरवर्षी त्या ओळीखाली मेणबत्ती लावी. यंदा इंग्रजी शिकलेली लेक मर्सी सोबत होती. “बापाचा नाव वाच, पोरी.” मर्सीने दोनदा वाचलं. “आये, वरची चार गोऱ्यांची. खालचा नाव विमानाचा.” “विमानाला पन नाव ठेवतान?” मेण बोटांवर ओघळलं, तरी पेटलेली मेणबत्ती कुठे ठेवायची गर्ट्रूडला कळेना.