डालग्याखालचं वऱ्हाड

"पडला का गं?"

बयाबाईचा नवरा कुंडलिक डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन कुंपणापाशी उभा होता. माळावरच्या झोपडीत तो गुरं घेऊन राहत होता आणि रोज सकाळी एवढंच विचारायला यायचा. आत यायचा नाही.

"न्हाई," बयाबाई दारातून म्हणाली. "कणगीखाली बी हात घालून बघितला म्या."

"एक बी न्हाई? खालच्या आळीत घरोघरी पडाय लागल्यात उंदरं."

"आपल्यात न्हाई."

"देवच पावला म्हणायचा. झोपडी लई गळतीया, झड थांबंस्तवर पोरं आतच ठेव. पर उंदीर दिसला की तशीच नीघ. भांडं-कुंडं काय बी घेऊ नगं."

"मला शिकवताय व्हय?"

तिला कुणी शिकवायला नकोच होतं. तीन वर्षांमागं प्लेगाच्या साथीत मेलेला उंदीर कणगीखाली तीन दिवस पडून होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. घर सोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. थोरला सावळाराम झोपडीत चौथ्या दिवशी गेला. तेव्हापासून बाई स्वतःलाच खात होती. दुधानं तोंड पोळलेलं, आता ती ताकही फुंकून पीत होती. यंदा बोचकं बांधून दाराशीच ठेवलं होतं.

हिर्डोशीची शाळा बंद होऊन बारा दिवस झाले होते. सात वर्षांची चंद्रा पहिलीत होती. पाच वर्षांचा ज्ञानू नुसताच बहिणीमागं जाऊन बसायचा. असली दोन पोरं घरात कोंडायची म्हणजे बेडकांची पंचेरी! पहिले दोन दिवस बयाबाईनं नुसत्या शिव्या दिल्या. मग चिंचोके फोडून चल्लसचा डाव मांडला. सागरगोटे झाले. भिंतीवर हाताच्या सावलीचा ससा झाला, कुत्रं झालं. चंद्रा आईकडं टकामका बघत राहायची. दादा गेल्यापासून आईला हसताना तिनं पाहिलंच नव्हतं. आणि हसणं तरी कसलं? आतून बाई कधीच मेली होती. पोरांनी उंबरा ओलांडू नये, एवढ्यासाठी ती तोंड हसतं ठेवायची.

"आये, दादा घरात मेला का झोपडीत?" चंद्रानं एकदा डाव अर्ध्यात सोडून विचारलं.

"झोपडीत. खेळ गुमान."

"आन् घरात हुता तवा बरा हुता?"

"हुता बाई बरा." बयाबाईनं चिंचोके तिच्या पुढ्यात सारले. "टाक चिंचोके."

पोरगी मात्र गुणाची निघाली. आईच्या आधी उठायची आणि पडवीपासून गोठ्यापर्यंत सगळं घर झाडून काढायची. बयाबाईनं कधी सांगितलं नव्हतं. मग बयाबाई मागून दिवा घेऊन कोपरा न् कोपरा बघायची. सगळं लख्ख. ती देवाला हात जोडायची आणि कडुलिंबाचा पाला पेटवून घरभर धूर करायची. त्या धुरात भाकरीचासुद्धा वास लागत नसे.

आईचे खेळ संपले, तसा चंद्रानं आपला काढला. बाहुलीचं लग्न. गोठा रिकामाच होता. तिथं कोंबड्या झाकायचं जुनं डालगं तिनं पालथं घातलं आणि वर दोन धोंडे ठेवले. आईनं एकदा वाकून बघायला हात लावला, तर पोरगी केवढ्यानं तरी ओरडली.

"लगनाआधी नवरी बघू न्हाई!"

"बरं माजे बाई, न्हाई बघत," बयाबाई म्हणाली.

मग रोजचंच झालं.

"आये, चिंधी दे. आज दोन पाव्हणे आलं."

"मुंडाशाला व्हय गं?"

"व्हय."

बयाबाई जुन्या लुगड्याचा काठ फाडून द्यायची. "किती झालं वऱ्हाड?"

"नऊ."

"आन् लगीन कधी?"

"शाळा उघडंल तवा."

पोरं वऱ्हाडात गुंतली की बयाबाईला पडवीत बसून घटकाभर रडता यायचं. तेवढाच तिला विसावा.

त्या सकाळी कुंडलिक गेला आणि बयाबाई आत आली, तर ज्ञानू अजून घोंगडीतच होता. अंग तव्यासारखं तापलेलं. पाय पिसवा चावून लाल झालेले.

"जांगंत दुखतंय," तो म्हणाला.

दिवा घेऊन बयाबाई वेड्यासारखी घरभर फिरली. कणगीखाली बघितलं, चुलीमागं बघितलं, माळ्यावर चढली. काही नाही. ती खाली येऊन ज्ञानूजवळ बसली.

"उंदीर न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "उंदीर पडल्याबिगर ह्यो रोग येत न्हाई. साधा ताप हाय. मांडी घालून बसून बसून जांग भरलीया."

आणि न्यायचं तरी कुठं? बाहेर पाऊस कोसळत होता, झोपडी गळत होती. तापाच्या पोराला भिजवून मारायचं? असल्या पावसात उगाच घर सोडलं, तर आपल्या हातानंच दुसरं लेकरू जायचं. तिला ते सोसणार नव्हतं. तिनं ज्ञानूला मांडीवर ओढून घेतलं.

"आये," चंद्रा तिला बिलगली, "आपुन झोपडीत न्हाई ना जायाचं?"

"न्हाई गं. कशापायी जायाचं?"

चंद्राचा चेहरा एवढा फुलला की बयाबाईला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"आक्के," ज्ञानू डोळे न उघडता पुटपुटला, "लगीन लाव की."

"आजच लावू," बयाबाई म्हणाली. "माज्या लेकराला बरं वाटंल. शाळंची वाट कशाला बघायची? चल गं चंद्रे, अक्षता घे."

तिनं ज्ञानूला खांद्यावर घेतलं. चंद्रानं मुठीत तांदूळ घेतले आणि पुढं पळत जाऊन दोन्ही धोंडे बाजूला केले. बयाबाईनं खांद्यावरच्या पोराला सावरत एका हातानं डालगं उचललं.

मधोमध चिंध्यांची बाहुली उभी होती. तिच्या दोन्ही अंगांना, लुगड्याच्या काठाची मुंडाशी बांधून, ओळीनं अकरा उंदीर निजवले होते.