दोन तास

"वाचा," दावरोनने पाणीवाटपाची वही जुलैखोपुढे सरकवली. "वरची वस्ती, आठवड्याला पाच तास. खालची वस्ती, दोन तास. सव्वीस वर्षं हेच."

जुलैखोने वाचलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वसंतात कालव्यावर पोलादी दारं बसली होती आणि कुणाला किती पाणी ते आता यंत्र ठरवत होतं. सगळ्यांना वाटलं, यंत्राला ना भाऊबंद ना व्याही, ते तरी न्यायाने वागेल. त्याने खालच्या वस्तीला दोन तास दिले. जुलैखोची साठ जर्दाळूची झाडं जूनमध्येच पानं टाकायला लागली. नवरा सायबेरियात विटा रचत होता. बाग गेली तर तो परतणार कशासाठी?

"यंत्र ह्या वहीवरूनच शिकलंय," दावरोन म्हणाला. तो पाणी-कचेरीचा इंजिनियर, शहरातला, पण मनाने सरळ.

वही लिहिणारा कोपऱ्यात बसला होता. म्हातारा सफरअली, कालव्याचं पाणी सोडणारा जुना पाटकरी, वरच्या वस्तीतला. बुटांना चिखल, दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली. त्याच्या मागे वरच्या वस्तीचा म्होरक्या नुरिद्दिन हात बांधून उभा होता.

"अक्षर तुमचंच ना, काका?" जुलैखोने विचारलं.

"माझंच."

"आणि लिहिलंय ते खरं?"

म्हाताऱ्याने नुरिद्दिनकडे पाहिलं. "लिहिलंय ते लिहिलंय, पोरी."

"म्हणजे आपल्यांना तूप आणि आम्हाला ताकसुद्धा नाही."

"शुक्रवारच्या नमाजालाही मशिदीत पाय न ठेवणारा माणूस," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याच्याकडे न्याय मागताय?"

नुरिद्दिनसुद्धा हसला. म्हातारा बुटांकडे बघत राहिला.

दावरोनने मार्ग सुचवला. पक्षपात झाला हे लेखी द्या, मी वर पाठवतो. अर्ज जुलैखोनेच लिहिला : 'सव्वीस वर्षं आम्हाला आठवड्याला दोनच तास पाणी मिळालं. जास्त एक थेंब नाही.'

एकतीस घरांनी सह्या केल्या. शेजारची ओयदिन सही करताना घुटमळली. "मग तेव्हा झाडं हिरवी कशी असायची गं?"

"तेव्हा एखाद्या दुपारी डोंगरावरून बर्फाचं पाणी यायचं. आता हवाच फिरलीय. कर सही."

बाहेर सफरअलीने तिला थांबवलं. "'एक थेंब नाही', तेवढं तरी खोड."

"का? झोंबतं?"

म्हातारा वळला. वाट धरून वर चालू लागला.

तीन आठवड्यांनी तो गेला. खालच्या वस्तीतून खांदा द्यायला कुणी जायचं नाही, असं जुलैखोनेच बजावलं होतं. कुणी गेलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

मग यंत्राचं उत्तर आलं. दावरोनने ते खाली मान घालून वाचलं. 'अर्जदारांच्याच म्हणण्यानुसार बागा सव्वीस वर्षं दोन तासांवर जगल्या. सबब गरज दोन तासांचीच आहे. बदल नाही.'

"पण आम्ही तर अन्याय झाला म्हणून लिहिलं होतं!"

"यंत्राला अन्याय कळत नाही, ताई. त्याला आकडा कळला. आणि आता त्याखाली तुमच्या सह्या आहेत."

साठातली चाळीस झाडं वाळली होती. त्या शुक्रवारी भर दुपारी जुलैखो कालव्याच्या तोंडाशी गेली. निदान दार गळतंय का, ते बघायला. दार गळत नव्हतं.

तिथे सफरअलीची बायको सनौबर वाकून उभी होती. पोलादी दाराच्या फटीत पहार घालून ती सगळा भार टाकत होती. तळहातांना फडकी बांधलेली, एकातून रक्त आलेलं.

"काकू, हे यंत्राचं दार आहे. पहारीने नाही उघडायचं."

"तोही वसंतापासून हेच म्हणत होता, तरी यायचा." म्हातारीने मान वर केली नाही. "बघत काय उभी राहिलीस? हात लाव. वरचे सगळे मशिदीत गेलेत, ते परतेपर्यंतच काय तो वेळ. सव्वीस वर्षं दर शुक्रवारी त्याने तेवढ्यातच तुमच्या बागा भिजवल्या."