भिंतीपलीकडून

धाकटीचं लग्न उरकल्यावर मावशी आणि काका पहिल्यांदाच दोघं फिरायला गेले होते. तिन्ही बाजूंना समुद्र, मध्ये डोंगर आणि डोंगरात गरम पाण्याची कुंडं. बायकांच्या आणि पुरुषांच्या कुंडांमध्ये फक्त एक भिंत होती.

“पाणी सोसतंय ना?” मावशीने विचारलं.

“पाठ मोकळी झाली बघ,” पलीकडून काका म्हणाले. मग दोघं बराच वेळ धाकटीच्या सासरबद्दल बोलत राहिले.

मावशी दाराबाहेर आली, तर काका किनाऱ्यावरून चढून येत होते. केस कोरडे, पायांना वाळू.

“वाळूवरच डोळा लागला,” ते म्हणाले. “कुंडात उतरायचं राहूनच गेलं.”

“मग मी बोलत कुणाशी होते?”

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकांचाच आवाज आला, “अगं, तुझ्याबरोबर कोण आहे?”

“चल,” म्हणत काकांनी तिचा हात धरला. मावशीला तो सोडवता येईना.