हॉर्नची खरेदी

सोमवारी शाळेच्या वाद्यवृंदाची निवड होती, म्हणून धाकटीसाठी फ्रेंच हॉर्न घ्यायला आम्ही तिघं दुकानात गेलो. माउथपीस, कळांना घालायचं तेल आणि शिकायचं पहिलं पुस्तक काउंटरवर मांडून झालं होतं. तिने हॉर्न उचलताच बाबा गुरगुरले, "उजव्या हातात धर."

"उजवा हात भोंग्याच्या आत घालायचा, साहेब," दुकानदार म्हणाला. "कळा डाव्या हातानेच दाबायच्या. हा हॉर्न सगळे असाच वाजवतात."

धाकटीने डाव्या हाताची तीन बोटं तीन कळांवर ठेवली. एक दाबायला गेली की तिन्ही एकदम खाली जायच्या. तिने पाच-सहा वेळा करून पाहिलं, मग कानापर्यंत लाल होऊन मान खाली घातली.

"एवढी अवघडलेली बोटं कशी?" दुकानदाराने विचारलं. मी बाबांकडे बघत दात-ओठ खात उभी होते. ती जन्मतः डावखुरी. पहिली ते तिसरी, सलग तीन वर्षं, अभ्यासाला बसवताना बाबा तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायचे. मी गाठ सोडायला गेले की मलाही फटका बसायचा. तेव्हापासून ती त्या हाताने साधी पेन्सिलही उचलत नाही.

 

बाबा तिच्यावरच खेकसले, "अगं, डावा हात काय शोभेला दिलाय का देवाने? चालव की बोटं!"