डावी ६.४०, उजवी ९.१५

पडद्यावर 'लेआउट डिझाइन : आभा' अशी ओळ आली, तेव्हा रुपालीला वाटलं, खालच्या ओळीत आपलं नाव असेल. खालची ओळ आलीच नाही.

मीटिंग रूममध्ये तिघंच होते. टीमचे प्रमुख हनीफ सर, आभा, आणि बाळंतपणाच्या रजेवरून आजच परतलेली रुपाली. पुढच्या महिन्यापासून क्लायंटच्या बातम्यांच्या पोर्टलच्या कामावर दोघींपैकी एकच राहणार होती. दुसरीची नोकरी खलास, आणि नोकरीबरोबर इथे आखातात राहायचा व्हिसाही. निकाल आजच लागायचा होता.

"पान म्हणजे नुसते ठोकळे, सर," आभा हिंदीत समजावत होती. बातम्यांचा एक, तारखांचा एक, फोटोंचा एक. कुठलाही उचला, कुठेही लावा, पान मोडत नाही.

हे बोलणंसुद्धा रुपालीचंच. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी मिहिकाला मांडीवर घेऊन, एका हाताने माउस चालवत तिने ते ठोकळे जुळवले होते आणि फायली आभाला पाठवल्या होत्या. "तू पोरीकडे बघ, ऑफिसात तुझं नाव मी घेते," असं आभाच म्हणाली होती. सख्खी आत्या इथे नाही म्हणून बारशाला मिहिकाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं होतं तेही आभानेच. आत्याच्या मानाचे धपाटे हसत हसत पाठीवर घेतले होते.

आभाने अरबीचं बटण दाबलं. अख्खं पान आरशात बघावं तसं फिरलं. डावीकडचं सगळं उजवीकडे गेलं. एकही ठोकळा मोडला नाही.

"माशाल्ला!" हनीफ सर पुढे वाकले. "लेकिन ये कोने में क्या लिखा है? हिंदी?"

कोपऱ्यातल्या लहानशा ठोकळ्यात देवनागरी अक्षरं होती. 'डावी ६.४०. उजवी ९.१५. वीस मिनिटं झोपली.'

रुपालीने हातातला फोन पालथा ठेवला. फोनवर घरच्या कॅमेऱ्यात, सांभाळणाऱ्या बाईच्या खांद्यावर, मिहिका आवाज न येता रडत होती. ठोकळा रिकामा दिसू नये म्हणून काहीतरी भरायचं असतं. रुपालीने त्यात अंगावर पाजल्याच्या वेळा भरल्या होत्या. नंतर पुसायच्या राहून गेल्या.

आभाने ओळ वाचली. हनीफ सरांना हिंदी बोलता यायचं, देवनागरी वाचता येत नसे; अख्ख्या ऑफिसात ती ओळ वाचता येणाऱ्या या दोघीच होत्या.

"डमी टेक्स्ट है, सर," आभा म्हणाली. "कुछ मतलब नहीं है उसका."

"तो हटाओ. बारह बजे क्लायंट आ रहा है."

आभाने ओळ पुसली. पुढच्या पानावर ती होतीच. तिथेही पुसली. मागे येऊन बघते, तर पहिल्या पानावर परत हजर. चाळीस पानं, आणि चाळीसही पानांच्या कोपऱ्यात तेच. हनीफ सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू न देता, जेवताना मीठ मागावं अशा सुरात आभा मराठीत म्हणाली,

"रुपे, सांग ना गं पटकन, हे कुठून काढायचं? यांना काही कळत नाही आपलं."

रुपालीच्या कुर्त्याला ओल आली होती. तिने ओढणी पुढे ओढली, उठली आणि माउस हातात घेतला.

"थँक यू गं बाई," म्हणून आभा खुर्चीत मागे टेकली.

मूळ ठोकळा एकच होता. तो कुठे ठेवलाय, हे रुपालीलाच ठाऊक. तिथे बदल केला की सगळीकडे बदलतं. तिने तो उघडला. पुसलं काहीच नाही. त्याच ओळीच्या खाली तिने सावकाश टाइप केलं, 'डावी ११.०५.' आणि सेव्ह केलं.

"सर, बच्ची के दूध का टाइम हो गया," ती म्हणाली, आणि तिने पर्स उचलली.

"अगं, काय केलंस हे?" आभा पुटपुटली.

रुपाली दारापर्यंत पोचली होती. हनीफ सरांनी माउस स्वतःकडे ओढला आणि एकेक पान उघडत गेले. प्रत्येक पानाच्या त्याच कोपऱ्यात नवी ओळ येऊन बसली होती.

"आभा," पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "अब बताओ, इसका मतलब क्या है?"