कशाने जमलं

बेल दाबण्याआधी त्याने जिन्यातच वही उघडली आणि काकूंचं पान काढलं. ‘शिलाई मशीनवर चाळीस वर्षं. कमर. मांजर लंगडं. सुनेशी अबोला.’ प्रत्येक पानाच्या तळाशी तो ‘कशाने जमलं’ असं लिहून पुढे एकदोन शब्द टाकत असे. या पानावर, पंधरा दिवसांपूर्वीच्या त्याच्याच अक्षरात, लिहिलं होतं, ‘आमच्या हिची पाठ.’

तो दारोदार गाद्या विकायचा. आधी माणूस, मग गादी, हे दुकानातल्या निम्म्या पोरांना त्यानेच शिकवलं होतं. पण गेल्या महिनाभरात त्याची एकही गादी गेली नव्हती. “आता घरी जरा आराम करा,” असं मालक सोमवारी हसत हसत म्हणाला होता.

दार उघडलं.

“या गादीवाले,” काकू म्हणाल्या. “आधी मांजराचं विचारा, मग आत घेते.”

“पाय कसा आहे त्याचा?”

“पाय केव्हाच बरा झाला. पण लंगडलं की दूध मिळतं, हे कळलंय लबाडाला. माणूस दिसला रे दिसला की पाय वर.”

तो हसला. टेबलावर त्याने गादीचे नमुने मांडले, पावाच्या तुकड्यांएवढे तीन चौकोन. काकूंनी त्यातला मधला उचलून अंगठ्याने दाबला.

“माझं ठरलंय. तुमच्या मंडळींची पाठ ज्या गादीने बरी झाली, तीच द्या. फक्त एक सांगा, त्यांना दुखायचं नेमकं कुठे?”

“खाली. कमरेत.”

“मागच्या वेळी वर म्हणालात. खांद्यांच्या मध्ये.”

त्याचा हात खिशातल्या वहीकडे गेला आणि तिथेच थांबला. वहीत काकूंची कमर होती. समोरच्या मास्तरांचा गुडघा होता, खालच्या विधवेची मान होती. त्यात हिचं पान नव्हतं.

“बरं, झोपतात कोणत्या कुशीवर?”

त्याने टेबलावरचे उरलेले दोन नमुने उगाच सरळ केले.

“अहो, इतकी वर्षं शेजारी झोपलात ना? तुमच्याकडे तोंड करून की पाठ करून, एवढं तरी सांगा!” काकूंना हसू आवरेना. “पुरुषांना विचारण्यात अर्थच नाही. लावा त्यांना फोन. मी बोलते. बायकांचं बायकांना कळतं. दोन शब्द बोलते आणि सही करते.”

त्यांनी ऑर्डरचा कागद स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण काढून त्या वाट बघत बसल्या.

फोन बंद लागतोय, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. अशी वाक्यं त्याला कधी कमी पडली नव्हती.

ही एकदाच बोलली होती. मोरीपाशी उभी होती, एक हात मागे दाबून. “पाठ धरलीय हो,” म्हणाली. तो निघायच्या घाईत होता, वही सापडत नव्हती. “रविवारी बघू,” म्हणाला. मग वही सापडली. कोणाच्या तरी गुडघ्याचं पान वाचत तो जिना उतरला.

“काकू, ती नाहीये.”

“बाहेर गेल्यात?”

“नाही. गेली. सात महिने झाले.”

काकूंनी चष्मा काढला. “म्हणजे मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा...”

“तेव्हाही नव्हती.”

“आणि पाठ?”

“पाठ खरी होती. दुखणं तिथूनच सुरू झालं. नंतर सगळीकडे पसरलं.”

“मग ही गादी?”

“या गादीवर ती एक दिवसही झोपली नाही. आमच्याकडे जुनीच आहे. मध्ये खड्डा पडलेली.”

तो खाली बघून नमुने पिशवीत भरू लागला. आता काकू काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं, आणि ते ऐकायला तो तयार होता. ऐकायचंच होतं त्याला. पण काहीच ऐकू आलं नाही. आली ती पेनाची करकर.

“काकू, नका करू सही.”

“गप्प बसा.” त्यांनी पालथ्या हाताने डोळे पुसले. “दोन लिहा. एक सुनेला पाठवा. तिचीही कमर गेलीय म्हणतात, मी मेलीने कधी विचारलं नाही.” कागद त्यांनी त्याच्या पुढ्यात सरकवला. “आधी सांगायचं ना हो. असं खोटं कशाला बोलायचं? माणसाने माणसाशी खरं बोलावं.”

नको म्हणायला पाहिजे होतं. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि तो उठला.

अर्ध्या जिन्यात पाय थांबले. इतक्या वर्षांची सवय. वही निघाली, पान उघडलं, पेन हातात आलं. ‘आमच्या हिची पाठ’वर त्याने काट मारली आणि खाली लिहिलं, ‘ही गेली.’

लिहून झाल्यावर त्याने ते वाचलं.

वर दार किलकिलं झालं. मांजर बाहेर आलं, चार पायऱ्या चांगलं धडधाकट उतरलं. मग मांजराला तो दिसला, आणि त्याने पाय उचलून धरला.