मागून, उजवीकडून

“आला,” सून म्हणाली. “मागून, उजवीकडून.”

सासरेबुवांनी गतिरोधक ओलांडून गाडी कडेला घेतली. टक् असा आवाज त्यांनीही ऐकला होता. पण तो कुठून आला हे सुनेलाच विचारावं लागे. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचा डावा कान कधीच खाऊन टाकला होता, आणि एका कानाच्या माणसाला आवाज कळतो, त्याचा पत्ता कळत नाही.

“मागचे शॉकअब्सॉर्बर नवे, स्प्रिंगा नव्या,” ते म्हणाले. “आता राहिले सांध्यांतले रबरी बुश.”

“मग पुढच्या रविवारी बुश,” सून म्हणाली आणि तिने मांडीवरचं जॅकेट सारखं केलं.

गाडी मुलाची. दोनच सीटची, बुटकी, वयाने जवळजवळ सुनेएवढी. वळणावर ती रस्त्याला चिकटून पळावी म्हणून खालचं सगळं बदलायचं त्याने मनावर घेतलं होतं. नवे भाग येऊन पडले, पुढची चाकं झाली, आणि साध्या वाटणाऱ्या तापात मुलगा गेला. गाडी गॅरेजमध्ये मागून उचललेली तशीच राहिली.

सून नर्स होती. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिला बढतीची जागा मिळत होती. ती म्हणायची, “त्याने अर्धं टाकलेलं काम पुरं करते, मग जाते.” सासरेबुवांना हा तिचा भिडस्तपणा वाटे. दोन म्हाताऱ्यांना सोडून जाते म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून पोरीने गाडीची सबब पुढे केलीय, एवढंच. ती गेल्यावर घर खायला उठणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांनी कंबर कसली होती. गाडी झाली पाहिजे आणि पोर मोकळी झाली पाहिजे.

रविवारी दोघं सकाळपासून गाडीखाली होती. जुने बुश काही केल्या निघेनात. रबर लोखंडाला असं धरून बसलं होतं की सासरेबुवांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“बारा नंबरचा पाना कुठे गेला?”

“हा काय.” सुनेने तो जॅकेटच्या खिशातून काढून दिला.

“दर वेळी तुझ्याच खिशात कसा जातो गं हा?”

“सवय, बाबा. इस्पितळात कात्री जाते, इथे पाना.”

नवे बुश बसले तसे सासरेबुवा बोल्ट आवळायला सरसावले. सुनेने त्यांचा हात धरला.

“चाकं लटकत असताना नाही. गाडी खाली उतरवायची आणि तिच्या वजनाखाली आवळायचे. नाहीतर रबर पिळवटून बसतं. तो दहादा सांगायचा.”

त्यांनी गाडी उतरवली, बोल्ट आवळले आणि फेरी मारायला निघाले. पहिल्याच गतिरोधकाला टक्.

“मागून, उजवीकडून,” सून म्हणाली.

रात्रीची भांडी आवरताना सासूबाईंनी तोंड उघडलं. “अहो, तुम्हीच काहीतरी ढिलं ठेवत असाल.”

“मी?”

“तुम्हीच. पोरीने जाऊ नये म्हणून.”

सासरेबुवांच्या ते जिव्हारी लागलं. सून कामावर गेल्यावर त्यांनी एकट्याने गाडी पुन्हा उचलली. एकेक जोड हाताने हलवून पाहिला, एकेक बोल्ट तपासला. काहीही ढिलं नव्हतं. शेवटच्या बोल्टवर पाना असताना मात्र त्यांच्या मनात आलंच. अर्धा आटा उलटा फिरवला, तर पोर आणखी महिनाभर राहील. कुणाला कळणारही नाही.

मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. याच गाडीत ती बसणार होती. त्यांनी गाडी खाली उतरवली आणि दंड दुखेपर्यंत तो बोल्ट आवळला.

त्यानंतर त्यांनी सासूबाईंना डाव्या सीटवर बसवलं. आत शिरताना सासूबाईंनी दोनदा डोकं आपटून घेतलं आणि गाडी बनवणाऱ्याची अक्कल काढली. सासरेबुवांनी आसपासचा एकही गतिरोधक सोडला नाही.

“आला का गं आवाज?”

“कसला? मला तर तुमची धापच ऐकू येतेय.”

खरंच आवाज नव्हता. सासरेबुवा गाडी थांबवून स्टिअरिंग धरून बसून राहिले. काम झालं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

“रविवारी सांगून टाकू तिला,” ते म्हणाले.

“जा म्हणून?”

“जा म्हणून.”

सासूबाईंनी सरळ पदर डोळ्यांना लावला.

रविवारी सून गाडीत येऊन बसली. मांडीवर जॅकेट होतंच.

“आज शेवटची फेरी, पोरी,” सासरेबुवा म्हणाले. “गाडी झाली. मी तपासलीय. उद्या तुझा होकार कळवून टाक. आमची काळजी करायची नाही. आम्ही काही कुक्कुली बाळं नाही.”

सुनेने जॅकेट सारखं केलं. गाडी कोपऱ्यावरून वळली, गतिरोधक आला.

टक्.

सासरेबुवांचा हात स्टिअरिंगवर थबकला. असं होणंच शक्य नव्हतं.

“आला,” सून समोर बघत म्हणाली. “मागून, उजवीकडून.”

“बघतोच आता,” सासरेबुवा म्हणाले. पुढच्या गतिरोधकावर त्यांनी वेग अगदी कमी केला आणि बहिऱ्या कानाच्या बाजूला मान वळवली. मांडीवरचं जॅकेट घसरलं होतं, आणि डोळे रस्त्यावर रोखून सून बारा नंबरचा पाना आपल्याच सीटखालच्या लोखंडी पट्टीवर आपटत होती.